‘कझिन ब्रदर’ म्हणालं तर काय बिघडलं?

मागच्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, "मामू, मेरेकू नै होता ये इंग्लिश. मैं वापस आतीच."

ती पुसदला बी.एस्सी. झाली. आमच्या खानदानात नोकरीसाठी पुसदच्या पलीकडे गेलेली ती पहिली मुलगी. तिला पुण्याला पाठवायचं म्हणून माझ्या बहिणीने किती लोकांचं किती ऐकून घेतलं, ते मला माहीत आहे. त्यामुळे ‘वापस आतीच’ हे दोन शब्दांचं वाक्य मला फार जड गेलं.

झालं असं होतं. एका कंपनीत मुलाखत होती. समोर तिघे. हिने पाठ केलेलं सुरू केलं: मी अमुक साली पास आउट झाले, पुण्यात माझे कझिन ब्रदर राहतात. एकाने तिला मध्येच थांबवलं. "कझिन ब्रदर? कझिन की ब्रदर? एक काय ते ठरवा." तिघेही हसले. हसणं वाईट नव्हतं म्हणे, गमतीतलं होतं. पण पुढचा अर्धा तास ही फक्त ‘येस सर’ आणि ‘नो सर’ एवढंच बोलली. येत असलेल्या प्रश्नांनाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या ‘कझिन ब्रदर’चाच विचार करत बसलो.

इंग्रजीत ‘कझिन’ म्हटलं की पोरगा आहे की पोरगी ते कळत नाही. काकाचा, मामाचा, आत्याचा की मावशीचा, तेही कळत नाही. मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार जण वेगवेगळे उभे असतात. आमच्या घरात चचाजाद, मामूजाद, फुफीजाद, खालाजाद. शिवाय मुसलमानांत या भावंडांत लग्नं होतात. महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींतही मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आहे. अशा समाजातली मुलगी जेव्हा ‘कझिन’ला ‘ब्रदर’ जोडते तेव्हा तो माझा भाऊच आहे, त्याच्या घरी मी उतरले आहे, गैर काही समजू नका, इतकं सगळं ती त्या एका शब्दात सांगत असते. नुसत्या ‘कझिन’मध्ये ते कुठे मावतं? इंग्रजांना त्याची गरज पडली नाही, आम्हाला पडली. म्हणून आम्ही शब्द जोडला.

‘गुड नेम’चं तसंच. "व्हॉट इज युअर गुड नेम?" यावर हसणारे पुष्कळ आहेत. चांगलं नाव एक आणि वाईट नाव एक असतं का, हा त्यांचा ठरलेला विनोद. पण मराठीत आपण ‘आपलं शुभनाव?’ असं विचारतो आणि उर्दूत ‘इस्मे-शरीफ’. अनोळखी माणसाला थेट ‘नाव काय तुझं’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा आहे. तो टाळायला आपण अदब सोबत घेऊन इंग्रजीत शिरलो. आणि ‘पास आउट’? इंग्लंडात लष्करी अकादमीतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटांची ‘पासिंग आउट परेड’ असते. तो शब्द आपण परेडीतून उचलून कॉलेजात आणला. त्याचा दुसरा अर्थ शुद्ध हरपणे असा आहे, हे खरं. भाचीला मी सांगितलं, मुलाखतीत तू दोन्ही अर्थांनी पास आउट झालीस. ती हसली नाही.

कोशांत अशा शब्दांपुढे कधीकधी ‘नॉनस्टँडर्ड’ असं छापलेलं असतं. आपण त्याला अप्रमाण म्हणतो. अप्रमाण म्हणजे चुकीचं, असा आपला समज आहे. पण अप्रमाण म्हणजे फक्त एवढंच की ज्यांच्या बोलण्याला मान आहे, ते लोक असं बोलत नाहीत. आणि मान कुणाला असतो हे व्याकरण ठरवत नाही.

इंग्रजीचाच इतिहास पाहा. अमेरिकेतले काळे लोक ‘आस्क’ऐवजी ‘अॅक्स’ म्हणतात, म्हणून त्यांना अडाणी ठरवतात. पण इंग्रजीचा आद्यकवी मानला जाणारा चॉसर सहाशे वर्षांपूर्वी असंच लिहीत होता. १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलातही हेच रूप आहे. एका वाक्यात दोन नकार घालू नयेत, हा नियम रॉबर्ट लोथ यांच्या १७६२ च्या व्याकरणाने पक्का केला. लोथ हे पाद्री, पुढे लंडनचे बिशप झाले. दोन नकार मिळून होकार होतो, असं त्यांचं गणित. गणित ठीक आहे, पण चॉसर दोन-दोन, तीन-तीन नकार बिनदिक्कत वापरत होता आणि फारसीत तर ‘कुणीच आलं नाही’ म्हणायला दोन नकार लागतातच. तिथे तेच शुद्ध.

‘इरिगार्डलेस’ नावाचा एक शब्द आहे. ‘रिगार्डलेस’ला पुढे एक नकार आणि मागे एक नकार. मेरियम-वेबस्टर कोशात तो ‘नॉनस्टँडर्ड’ अशा खुणेसह आहे. २०२० साली त्यावरून लोकांनी मोठा गदारोळ केला, असला शब्द कोशात घेतलाच कसा म्हणून. कोशवाल्यांचं म्हणणं साधं होतं: लोक हा शब्द दोनशेहून अधिक वर्षं वापरत आहेत, आमचं काम नोंद ठेवण्याचं, परवाना देण्याचं नाही.

आता माझ्या गावची गोष्ट. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं गाव. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे मी दहा वर्षांचा होईपर्यंत एबीसीडीशी माझा संबंध नव्हता, असं कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात आम्ही सगळेच इंग्रजी बोलत होतो. बस स्टँडवर जायचं, टेम्पोत बसायचं, करंट गेला की ट्यूबलाइटकडे पाहत बसायचं. आमचे मास्तर गावात राहत नसत, ते ‘अपडाउन’ करायचे. हा शब्द कुठल्याही इंग्रज माणसाला सांगून बघा. पण विदर्भातल्या खेड्यात अपडाउन करणारा मास्तर, अपडाउन करणारा ग्रामसेवक, अपडाउन करणारा डॉक्टर म्हटलं की त्यात एका अख्ख्या व्यवस्थेची तक्रार येते. त्याला पर्यायी शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. ‘कम्यूट’ म्हटलं तर तक्रार गळून पडते.

गॅरेजमधली इंग्रजी तर याहून श्रीमंत. पंक्चरच्या दुकानात आमचे लोक पुष्कळ, आणि त्यावरून आम्हाला बरंच ऐकवलंही जातं, म्हणून मुद्दाम तिथलंच उदाहरण देतो. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. कॉन्व्हेंटमधली पोरं म्हणतात, असा शब्दच नाही, ‘स्पेअर व्हील’ म्हणा. पण शब्द आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास मोटारीचं जादा चाक बनवायला सुरुवात झाली. त्या रस्त्याच्या नावाने ते चाक जगभर गेलं. इंग्रज तो शब्द विसरून गेले. आमच्या पंक्चरवाल्याने ठेवला. ‘डिक्की’ही तसाच, जुन्या इंग्लंडातल्या गाड्यांच्या मागच्या ‘डिकी’ सीटवरून आलेला. म्हणजे साहेबाने टाकून दिलेली इंग्रजी आम्ही वापरतो, आणि साहेबाची नवी इंग्रजी शिकलेली माणसं आम्हाला हसतात.

गॅरेजवरून आठवलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. गावातल्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवलं होतं आणि त्याची चाचणी घेताना पातं लागून तो गेला. शाळा त्याने लवकर सोडलेली. बातम्यांनी त्याला सिनेमातल्या पात्रावरून ‘रँचो’ म्हटलं, चार दिवस हळहळ झाली, मग विषय संपला. मला तेव्हापासून एक गोष्ट सलते. उडत्या यंत्राविषयीचं जवळजवळ सगळं ज्ञान, त्यातल्या धोक्यांचंही, प्रमाण इंग्रजीत लिहिलेलं आहे. आमच्या गावच्या पोरांकडे गॅरेजची इंग्रजी आहे. या दोन इंग्रजींमध्ये फार अंतर नाही, रोटर तिकडेही रोटर आणि इकडेही रोटर. पण मधल्या दारावर हसणारा माणूस बसवलेला आहे. पोरगा दारापर्यंत जातो, एक वाक्य बोलतो, हसू ऐकतो आणि परत फिरतो. भाषेची चूक ही एवढी महाग गोष्ट असते.

या हसण्याचा हिशेब मांडायचा तर एका पुस्तकाचं नाव घ्यावंच लागेल. ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन ब्रिटिश विद्वानांनी केलेला हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात घुसलेले इथले शब्द त्यात गोळा केले आहेत. आजही तो मोठ्या आदराने पाहिला जातो, आणि ते योग्यच आहे, फार मेहनतीचं काम आहे. पण नाव कुठून आलं? मोहरमच्या मिरवणुकीत लोक ‘या हसन, या हुसेन’ असा आक्रोश करत. गोऱ्या शिपायांना ते नीट ऐकू येईना, उच्चारता येईना. त्यांच्या तोंडी त्याचं झालं ‘हॉब्सन-जॉब्सन’. ही दोन नावं म्हणजे त्यांच्याकडची बावळट गावकऱ्यांची ठरलेली नावं. आपल्या गणपा-धोंड्यासारखी.

मी लहानपणापासून गावात मोहरमच्या सवाऱ्या पाहत आलो. सवारी खांद्यावर घेणाऱ्यांत हिंदू घरातले लोकही असायचे. रात्री तो पुकारा कानावर पडला की अंगावर काटा यायचा. कर्बला कुठे आहे हे कळायच्या आधी तो आवाज कळला. त्या आवाजाचं एका परक्या शिपायाने ऐकलं ते असं, आणि ते पुस्तकाच्या कपाळावर बसलं. मी रागाने लिहीत नाही. परक्या भाषेतला शब्द आपल्या जिभेला बसेल असा वळवून घेणं हे माणसं करतातच. भाषाशास्त्रात त्या वळवण्यालाच ‘हॉब्सन-जॉब्सन’ म्हणायची पद्धत पडली. माझा मुद्दा एवढाच की शिपायाच्या चुकीचा कोश झाला, आणि माझ्या भाचीने ‘कझिन’ला ‘ब्रदर’ जोडला तर तिची मुलाखत गेली.

आपल्या मुंगसाचं पाहा. मराठीतला ‘मुंगूस’ इंग्रजीत गेला आणि ‘मंगूज’ झाला. स्पेलिंगच्या शेवटी त्यांनी ‘गूज’ म्हणजे बदक-हंसाच्या जातीचा पक्षी लिहून टाकला, कारण तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता. सापाशी लढणाऱ्या जनावराच्या शेपटीला पक्षी बांधला! त्यावर कुणी मराठी माणूस हसल्याचं मी ऐकलेलं नाही.

मराठी मुसलमानाला हे हसू तीन बाजूंनी ऐकावं लागतं. शाळेत मी ‘पानी’ म्हणायचो, मास्तर म्हणायचे ‘पाणी’ म्हण. खरं तर वर्गातले माझे वऱ्हाडी बोलणारे हिंदू मित्रही ‘पानी’च म्हणायचे, पण त्यांचं अशुद्ध ‘खेडवळ’ असायचं आणि माझं ‘मुसलमानी’. मग उत्तरेकडचे उर्दूवाले भेटले. त्यांना आमचं ‘नक्को’ आणि ‘ऐसाच’ ऐकून गुदगुल्या व्हायच्या. ‘नक्को’ हा मराठी ‘नको’ आहे आणि ‘ऐसाच’मधला ‘च’ही मराठी आहे. शेकडो वर्षांच्या शेजाराची ती खूण आहे. आणि दिल्लीत उर्दू शायरीला बहर यायच्या कितीतरी आधी दक्षिणेत दखनीत दिवाण लिहिले जात होते, हे त्या गुदगुल्या होणाऱ्यांना कोण सांगणार?

तिसरी बाजू इंग्रजीची. माझे अब्बा ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ म्हणायचे. माझा दाखला काढायला ते एका कार्यालयात आले होते. "साहेब, इस्कूलका दाखला होना," म्हणाले. कारकून शेजारच्याकडे बघून म्हणाला, "इस्कूल!" आणि दोघांनी मान खाली घालून हसू दाबलं. अब्बांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. मी सोळा वर्षांचा होतो आणि मला त्या कारकुनाचा राग आला नाही, अब्बांची लाज वाटली. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की लॅटिनमधल्या ‘स्कोला’चं स्पॅनिशमध्ये ‘एस्क्वेला’ झालं. ‘स्क’ने शब्द सुरू करणं जिभेला जड, म्हणून आधी एक स्वर लावला. अब्बांनी नेमकं तेच केलं होतं. त्यांच्या मागे कोट्यवधी माणसांचा देश आणि शाही कोश असता तर ‘इस्कूल’ शुद्ध असतं. २०१७ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सत्तर भारतीय शब्द घेतले, त्यात ‘अब्बा’ हा शब्दही होता. २०२० साली त्यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात आणखी सव्वीस आले: आधार, चाळ, डब्बा, हरताळ, शादी, आणि आमच्या गावचे ते टेम्पो, ट्यूबलाइट, बस स्टँड. डिजिटल आवृत्तीत विजेच्या अर्थाने ‘करंट’सुद्धा. बातमी वाचून मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचीच चीड आली. त्यांनी शिक्का मारल्यावरच आपला शब्द खरा वाटायचा का?

कवींना हे आधी कळलं. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या हिंदीत एक कविता लिहिली, ‘मैं मॅनेजर को बोला’. हिंदीचे पंडित तिला हिंदी म्हणणार नाहीत. तिचं इंग्रजी कोलटकरांनी स्वतःच केलं, ते शुद्ध इंग्रजीत नाही, अमेरिकन रस्त्यावरच्या उर्मट बोलीत. एका अप्रमाण बोलीचं भाषांतर दुसऱ्या अप्रमाण बोलीतच होऊ शकतं, हे त्यांनी ओळखलं. मुंबईचेच निस्सीम एझिकेल यांनीही भारतीय इंग्रजीत कविता केल्या, सगळीकडे ‘आय अॅम गोइंग, आय अॅम नोइंग’ अशा धाटणीच्या. त्या प्रसिद्ध आहेत. मला मात्र त्या वाचताना ‘इस्कूल’वर हसणारा तो कारकून आठवतो. हा माझा दोष असेल.

आता काही वाचक म्हणतील, म्हणजे काहीही बोला, सगळं चालतं? नाही. "ही बॉरोड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज" असं कुणी लिहिलं तर पैसे कुणी कुणाला दिले हे कळत नाही. मराठीत उसने घेणं आणि उसने देणं दोन्ही ‘उसने’च, त्यामुळे हा घोटाळा होतो. कोर्टाच्या कागदात असं झालं तर घर जाईल. ती चूक, आणि ती दुरुस्त केलीच पाहिजे. ‘कझिन ब्रदर’ने कुणाचं घर जात नाही. जिथे अर्थ मोडतो तिथे लाल पेन चालवा. जिथे फक्त तुमचा कान दुखतो तिथे थांबा.

आणि प्रमाण इंग्रजी शिकायलाच हवी, यातही मला शंका नाही. आमच्यातले काही सुशिक्षित लोक बोलीचं कौतुक करतात आणि स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत घालतात, तसला ढोंगीपणा मला करायचा नाही. फक्त शिकवताना खरं सांगावं. अमेरिकेत अॅन आर्बर या शहरात १९७९ साली एक खटला निकाली निघाला. काळ्या वस्तीतली गरीब मुलं घरी वेगळी इंग्रजी बोलायची, शाळेने त्यांना मंदबुद्धी किंवा अपंग ठरवायला सुरुवात केली होती. त्यांच्या आया कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी शाळेला बजावलं की मुलांच्या घरची भाषा शिक्षकांनी समजून घ्यावी आणि ती लक्षात ठेवून प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं. घरची भाषा टाकून द्या असं नाही, आणि प्रमाण भाषा नको असंही नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कोलामी, गोरमाटी, दखनी, वऱ्हाडी बोलणारी पोरं एका बाकावर बसतात. तिथे असं कुणी बजावलं असतं तर!

भाचीला मी परत फोन केला. म्हटलं, परत यायचं तर ये, घर तुझंच आहे. पण एक मुलाखत आणखी दे. तिथे फक्त ‘कझिन’ म्हण, ‘पास आउट’च्या जागी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हण, आणि घरी मला ‘कझिन ब्रदर’च सांग. ती म्हणाली, "मामू, बुरखा काढके ऑफिसमें जाती, वैसाच ना?" मी म्हटलं, मला उपमा आवडली नाही, पण हो, साधारण तसंच.

आठवड्याने तिने मोबाइलवर एका कंपनीचं पत्र पाठवलं. मोठी कंपनी, इंग्रजी अगदी इस्त्री केलेलं. मुलाखत गुरुवारी होती ती सोमवारी घेतली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, वगैरे. त्यासाठी जो शब्द वापरला होता त्याखाली भाचीने लाल रेघ ओढली होती आणि पुढे तीन हसरे चेहरे टाकले होते.

शब्द होता ‘प्रीपोन्ड’.